निलगिरीची बाटली आणि गादीतली माइट

हैदराबादच्या घरात डोकं दुखलं, नाक चोंदलं किंवा पोट बिघडलं की कपाटातून एक छोटी बाटली बाहेर येते: जिंदा तिलिस्मात. हकीम मोहम्मद मोइजुद्दीन फारुकी यांनी १९२० साली ती बनवायला घेतली आणि अंबरपेटच्या कारखान्यातून ती आजही निघते. लेबलवर हबशी शिपाई, आत रतनजोतीच्या रंगाचं तेल. त्यात मुख्य भाग निलगिरीचा, जोडीला कापूर, मेंथॉल आणि ओव्यातलं थायमॉल. तेव्हा सुगंधी तेलांवर विश्वास ठेवायला या शहराला कुणी बाहेरून येऊन शिकवलं, असं झालेलं नाही. सुलतान बाजार-काचीगुड्यातल्या जुन्या मराठी घरांतही ही बाटली अमृतांजनाच्या शेजारी उभी असते.

नवं आहे ते एवढंच, की आता टी ट्री, लॅव्हेंडर, लवंग, पेपरमिंट अशी तेलं घरपोच मिळतात आणि ती गादीवर शिंपडा, कुत्र्याच्या अंगाला लावा, मांजराच्या कानात घाला, माइट्स मरतील, असा सल्लाही त्यांच्याबरोबर येतो. या सल्ल्यात तथ्य किती, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. माइट्स मारण्याची या तेलांची ताकद प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा सिद्ध झाली आहे. पण ती ताकद बहुतेक वेळा बंद भांड्यातली असते. घर हे बंद भांडं नाही आणि कुत्र्याची पाठ तर नाहीच.

आधी शत्रू ओळखू. माइट म्हणजे गोचिडीच्याच कोळीकुळातला आठ पायांचा जीव, पण गोचीड दिसते आणि ही दिसत नाही. गादीतली माइट जेमतेम ०.३ मिलिमीटर. ती चावत नाही, रक्त पीत नाही, आपल्या अंगावरून झडलेला कोंडा खाते. त्रास होतो तो तिच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. घरातल्या धुळीने येणाऱ्या दम्यामागे हाच जीव आहे, हे नेदरलँड्समधल्या लायडनच्या फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा यांनी १९६४ ते १९६७ या काळात दाखवून दिलं. तोवर 'धुळीची ॲलर्जी' यापलीकडे कुणाला काही सांगता येत नव्हतं. कुत्र्याला लूत भरते ती वेगळ्याच माइट्समुळे: एक कातडीत बोगदे खणते, दुसरी केसांच्या मुळाशी राहते, तिसरी कानात. माणसाची खरूज पहिलीच्या चुलत बहिणीमुळे होते. आणि बाल्कनीत कबुतरांनी घरटं केलं असेल तर पिल्लं उडून गेल्यावर त्या घरट्यातल्या उपाशी माइट्स खिडकीतून आत येतात आणि माणसांना चावतात. यावर तेल शोधत बसू नये. तोंडाला फडकं बांधून घरटं काढावं, जागा धुवावी, जाळी लावावी.

गादीतल्या माइटची एक खोड फार महत्त्वाची आहे. ती पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषते. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ती वाळून मरते. ७०-८० टक्क्यांत तिची पैदास जोरात चालते. मुंबई-कोकणात म्हणूनच तिचं बारमाही राज्य. दख्खनच्या पठारावर पाचशेहून अधिक मीटर उंचीवर बसलेल्या हैदराबादेत एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की माइटचे हाल व्हावेत. मग आपणच तिच्या मदतीला धावतो. खिडकीत कूलर लावतो, त्याला वाळ्याची ताटी बसवतो आणि रात्रभर खोलीत ओली हवा सोडतो. वाळ्याच्या तेलात नूटकाटोन नावाचं एक द्रव्य थोड्या प्रमाणात असतं. डासांसाठी आणि गोचिडींसाठी वापरायला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. म्हणजे आपली ताटी कोळीकुळाच्या शत्रूचा वास देते आणि त्याच वेळी त्या कुळाला पाणीही पाजते. या झटापटीत जिंकतं पाणीच.

जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि माइट्सना कूलरची गरज उरत नाही. नेमक्या त्याच वेळी, मृग नक्षत्र लागतं त्या सुमाराला, नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दम्याच्या रोग्यांच्या रांगा लागतात. बत्तिनी गौड कुटुंब जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळं औषध भरून तो गिळायला देतं, शाकाहाऱ्यांना गुळातून. महाराष्ट्र-कर्नाटकातूनही माणसं येतात. 'औषध' या शब्दावरून वाद झाल्यापासून त्याला 'प्रसादम' म्हणतात. त्या माशाबद्दल इथे निवाडा करायचा नाही. पण रांगेतल्या अनेकांच्या छातीतली घरघर ज्या जीवाने वाढवली, तो गावाकडच्या त्यांच्या उशीत मजेत असतो आणि पावसाने त्याचे दिवस आत्ताच पालटलेले असतात.

आता तेलांकडे. सोलच्या संशोधकांनी २००३ साली लवंगेच्या तेलातलं युजेनॉल आणि त्याची भावंडं गादीतल्या दोन्ही मुख्य जातींच्या माइट्सवर वापरून पाहिली. माइट्स मेल्या. पण झाकण लावलेल्या भांड्यात त्या कितीतरी सहज मेल्या, झाकण काढल्यावर परिणाम घटला. मारक काम मोठ्या प्रमाणात वाफेचं होतं. या एका निरीक्षणात सगळ्या विषयाची किल्ली आहे. सुगंधी तेल उडतं, म्हणून त्याला वास येतो. उडतं, म्हणून ते माइटच्या श्वासात शिरतं. आणि उडतं, म्हणूनच ते तासाभरात खिडकीतून निघून जातं. गादीवर चार फवारे मारले की खोलीला वास येतो, आपल्याला समाधान मिळतं आणि सहा इंच खाली कापसात बसलेल्या माइटला त्याची वार्ताही नसते.

बादली मात्र भांडंच आहे. सिडनीचे टोव्ही आणि मॅकडॉनल्ड यांनी १९९७ मध्ये निलगिरीच्या तेलाचा एक साधा धुलाईप्रयोग प्रसिद्ध केला. थंड पाण्यात नुसत्या साबणाने कपडे धुतले तर विष्ठेतली प्रथिनं बरीचशी विरघळून जातात, पण माइट्स धाग्यांना धरून जिवंत राहतात. पाण्यात निलगिरी मिसळून ब्लँकेटं अर्धा तास ते तासभर भिजवली, तेव्हा जिवंत माइट्स नेहमीच्या धुण्याच्या तुलनेत ९७ टक्क्यांनी कमी झाल्या. घरगुती उपायाला इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. फक्त प्रमाण बघा: पाण्याच्या ०.२ ते ०.४ टक्के तेल. पंधरा लिटरच्या बादलीला ३० ते ६० मिलिलिटर. थेंबांत मोजलं तर कमीत कमी सहाशे थेंब. 'धुण्यात दोन-चार थेंब टाका' हा जो सल्ला मिळतो, तो या प्रयोगाच्या आसपासही नाही. तेल आधी द्रव साबणात घोटून मग पाण्यात सोडायचं. पाणी दुधाळ झालं तर जमलं, वर तवंग तरंगला तर तो साबण कामाचा नाही. (जिंदा तिलिस्मात यासाठी ओतू नये. रतनजोत चादरीचं काय करेल ते सांगायला नको.) आणि हेही खरं, की ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात भिजवलेल्या चादरीला तेलाची गरजच नसते, माइट्स उष्णतेनेच मरतात. गरम पाण्यात आटणारी रजई, लोकरीची शाल, मुलांची भुसा भरलेली खेळणी, एवढ्यापुरती निलगिरी उपयोगी.

ऊन फुकट आहे, हे आपण विसरायला लागलो आहोत. याच टोव्ही यांनी वुलकॉक यांच्यासह १९९४ मध्ये दाखवलं होतं, की गालिचे थेट उन्हात टाकले तर काही तासांत त्यातल्या सगळ्या माइट्स मरतात. मे महिन्यात हैदराबादच्या गच्चीवर पाय ठेवून पाहा, म्हणजे सिडनीपर्यंत जायची गरज पडणार नाही. आपल्या आज्या उन्हाळ्यात गाद्या गच्चीवर घालत, दुपारी उलटत, संध्याकाळी काठीने झोडपत. त्यातली झोडपण्याची पायरीही वायफळ नव्हती. मेलेली माइट आणि तिची विष्ठा दमेकऱ्याला तितकीच बाधते. मारून भागत नाही, काढावी लागते. दर दोन-तीन वर्षांनी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेत, तेव्हा तर सारी वसाहतच उधळली जाई. आता फोमच्या गादीला ना उलटणं सोसतं ना पिंजणं, आणि सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटला गच्चीची किल्ली मिळत नाही. ही अडचण खरी आहे, आणि सुगंधी फवाऱ्यांचा बाजार याच अडचणीवर उभा आहे.

फवारे असोत की रसायनं, माइट्स मारल्याने दमा कमी होतो का? गोत्शे आणि योहान्सन यांनी २००८ च्या कोक्रेन आढाव्यात ५४ चाचण्या आणि सुमारे ३,००० रुग्णांची माहिती एकत्र केली आणि निष्कर्ष काढला, की माइट आवरण्याचे उपाय दम्यासाठी सुचवावेत इतका फायदा दिसत नाही. नंतर २०१७ मध्ये मँचेस्टरच्या मरे आणि सहकाऱ्यांनी २८४ दमेकरी मुलांवर चाचणी केली. गादी-उशांना माइटची विष्ठा बाहेर पडू न देणारी घट्ट विणीची खोळ घातलेल्या मुलांपैकी वर्षभरात २९ टक्क्यांना अटॅकमुळे रुग्णालय गाठावं लागलं. साध्या खोळींच्या गटात ४१ टक्क्यांना. मला यात दिसतं ते असं: खोळ घालून गादीच बंद भांडं करता येते, मग आत काय जगतं-मरतं याची फिकीर कमी होते. उलट दमेकऱ्याच्या बंद खोलीत रात्रभर डिफ्यूझर लावणं मला धोक्याचं वाटतं. ही वाफ अनेकांची श्वासनलिका चाळवते, आणि लिंबूवर्गीय तेलातलं लिमोनीन हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्मल्डिहाइड तयार करतं. माइट नाही मरत, माणूस खोकतो.

बंद भांड्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण घराबाहेर आहे, मधमाशीच्या पेटीत. व्हरोआ ही माइट मुळात आपल्या सातेरी माशीवर राहणारी. दोघींची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असल्याने सातेरी तिला आवरते. तीच माइट युरोपीय मेलिफेरा माशीवर गेली आणि जगभरच्या मधपाळांची झोप उडाली. तिच्यावर वापरल्या जाणाऱ्या मान्यताप्राप्त औषधांत थायमॉलही आहे. ओव्याचा तोच उग्र वास. जेलच्या रूपात ते पेटीत ठेवतात, आठवडे-आठवडे ते हळूहळू उडतं आणि लाकडी भिंतींत वाफ कोंडली जाते. हवा थंड असेल तर पुरेसं उडत नाही, फार तापलेली असेल तर एकदम उडून माशाच पेटी सोडतात. म्हणजे बंद पेटी, ठरलेली मात्रा, ठरलेलं तापमान इतकं सगळं जुळल्यावर ओवा औषध होतो. कर्नूलच्या बाजारात पोत्यांनी येणारा ओवा तोच असला, तरी त्याची पुरचुंडी उशाखाली ठेवण्याने यातलं काहीच जुळत नाही.

बाटलीत नेमकं काय आहे, हाही प्रश्न आहेच. भेसळीच्या बाबतीत आपल्याकडे मोठी परंपरा आहे: निमाड, खानदेश, वऱ्हाडच्या माळरानावरच्या रोशा गवताचं तेल एके काळी मुंबई बंदरातून इस्तंबूलला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. टी ट्री तेलात टर्पिनेन-४-ऑल हे मुख्य कार्यकारी द्रव्य किती असावं याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते लेबलवर लिहिलेलं नसेल तर संशोधनातलं तेल आणि हातातलं तेल एकच, असं धरायचं कशाच्या आधारावर?

माणसाच्या खरजेबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या वॉल्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये रुग्णाच्या अंगावरून काढलेल्या माइट्स काचेच्या बशीत ठेवल्या. पाच टक्के टी ट्री तेलात त्या परमेथ्रिन आणि आयव्हरमेक्टिनपेक्षाही लवकर मेल्या. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातच पासाय आणि मंडळींनी लवंगेचं तेल वापरून तसंच पाहिलं. पुन्हा बशी. कातडीतल्या बोगद्यात अंडी घालून बसलेल्या मादीपर्यंत तेल पोचवायचं तर तीव्रता वाढवावी लागते, आणि तीव्र तेलाने कातडी भाजते. वसतिगृहात, पाळणाघरात खरूज पसरली की आजही उपाय तोच: पाच टक्के परमेथ्रिन मानेपासून पायापर्यंत रात्रभर, आठवड्याने पुन्हा, घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने आयव्हरमेक्टिन. अंगावरचे कपडे गरम पाण्यात धुवा, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तीन-चार दिवस ठेवून द्या. माणसाविना ती माइट तेवढीही जगत नाही. इथेही बंद पिशवीच कामाला येते, आत तेल नसलं तरी. लहान मुलं आणि फिट येणारी माणसं यांच्याबाबत निलगिरी-कापराची सलगी नकोच. बेंगळुरूच्या डॉ. थॉमस मॅथ्यू आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या रुग्णालयांत फिट आलेल्या ३५० प्रौढांची नोंद ठेवली. त्यांपैकी ५५ जणांच्या फिटचा संबंध या तेलांशी लागला.

पाळीव प्राण्यांकडे आलो की सूर बदलावा लागतो, कारण इथे तेल नुसतं निरुपयोगी ठरून थांबत नाही.

कुत्र्याला लूत भरली की हैदराबादेत काय काय लावलं जातं याची यादी लांब आहे. कडुलिंबाचं तेल, करंज, कापूर घातलेलं खोबरेल, गंधक, आणि गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल. शेवटचं तर कुत्र्याचा जीव घेऊ शकतं. कडुलिंब आणि करंज ही तेलं मुळात उडणारी नाहीत, ती कातडीवर टिकतात, थोडी माइट्स गुदमरवतात आणि खाज शमवतात. देवदार, करंज, निलगिरी यांची मलमं गुरांच्या औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षं आहेत आणि गुराढोरांवर त्यांना मान आहे. पण या उपायांना मिळणारं श्रेय जरा तपासून घ्यायला हवं. पिल्लांच्या डोळ्याभोवती, ओठांजवळ केस गेलेले एक-दोन चट्टे पडतात, ती बहुतेकदा डेमोडेक्स माइट असते. हा चट्टा बहुसंख्य पिल्लांमध्ये दोन-अडीच महिन्यांत आपोआप भरून येतो. त्या काळात आपण जे लावत असू, ते औषध ठरतं: लॅव्हेंडर असो, हळद असो की शेजारच्या काकूंचा तोडगा. कानातल्या माइटचंही तसंच. साधं खाद्यतेल घातलं तरी त्या गुदमरतात, त्यात मिसळलेल्या सुगंधाला फुकटची शाबासकी मिळते.

कातडीत बोगदे खणणारी लूत मात्र आपोआप जात नाही. कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचे सांधे खाजवून खाजवून कुत्रं रक्तबंबाळ होतं, आणि जवळ घेणाऱ्या माणसाच्या पोटा-हातांवरही पुरळ उठतं. नारायणगुड्याच्या सरकारी पशुरुग्णालयात किंवा राजेंद्रनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर ब्लेडने कातडीचा खरवडा घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. खरवड्यात काही दिसलं नाही तरी लक्षणांवरून उपचार करतात, कारण ही माइट हाताला लागता लागत नाही. पूर्वी अमिट्राझचं पाणी अंगावर ओतायचं किंवा आठवड्याला आयव्हरमेक्टिनची सुई. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन जनुकीय दोषामुळे थेट मेंदूला बाधतं, हे ठाऊक नसलेल्यांनी गुरांची सुई टोचून कुत्री गमावली आहेत. गेल्या दहा वर्षांत चघळायच्या गोळ्यांनी चित्र पालटलं. फ्लुरालानर या औषधाच्या एकाच गोळीने डेमोडेक्सची संख्या २८ दिवसांत ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचं २०१५ च्या चाचणीत दिसलं. गोळी महाग आहे. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे, म्हणून फिट येणाऱ्या कुत्र्याची माहिती आधी सांगायची. याच गटातलं लोटिलानर २०२३ मध्ये माणसाच्या पापणीतल्या डेमोडेक्ससाठी डोळ्यांचे थेंब म्हणून मान्य झालं. तोवर त्या जागी टी ट्रीने पापण्या पुसण्याचा प्रघात होता. कुत्र्याचं औषध माणसाने उचललं, उलट झालं नाही.

मांजराची गोष्ट सगळ्यांत गंभीर. माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत फिनॉल जातीची द्रव्यं एका विकराच्या मदतीने बांधून लघवीवाटे बाहेर टाकतं. मांजरात त्या विकराचं जनुक निकामी आहे. कोर्ट आणि ग्रीनब्लाट यांनी २००० साली ते दाखवलं. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल ही फिनॉलंच. त्यात मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे कातडीवर लावलेलं सगळं पोटात जातं. अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या नोंदींचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो: २००२ ते २०१२ दरम्यान शुद्ध टी ट्री तेलाच्या ४४३ घटना, ३३७ कुत्री आणि १०६ मांजरं. त्यांतल्या ८९ टक्के घटनांत बाटली चुकून सांडली नव्हती. मालकाने प्रेमाने, औषध म्हणून तेल लावलं होतं. लाळ गळणं, मागचे पाय लुळे पडणं, थरथर, सुस्ती ही लक्षणं दोन ते बारा तासांत दिसू लागतात आणि तीन दिवसांपर्यंत टिकतात. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिसूनाशकांच्या ४८ घटनांचा असाच आढावा २०१२ मध्ये निघाला: ३९ मांजरं, ९ कुत्री. बहुतेक मालकांनी लेबलवर लिहिलं होतं तसंच वापरलं होतं.

म्हणून तेल लावलेलं कुत्रं किंवा मांजर लटपटायला लागलं तर उलटी करवू नका. तेल फुप्फुसात गेलं तर दुसरं संकट. भांडी घासायच्या द्रव साबणाने कोमट पाण्यात अंग धुवा, तेल सुटेपर्यंत, आणि टॉवेलात गुंडाळून गरम ठेवा, कारण अंग थंड पडतं. चाटू देऊ नका. आणि दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्या. आपण काय लावलं हे सांगायला मालक लाजतात आणि डॉक्टर तासभर गोचीडतापाच्या तपासण्या करत राहतात; तेलाचं नाव आणि टक्केवारी लेबलवर असते, ती वाचायला मिनिटही लागत नाही.